गोव्याचे अनेक नकाशा-लेयर क्यूजीआयएसमध्ये एकत्र आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्यांच्या हद्दी एका खात्याकडून मिळतात, अभयारण्याची हद्द दुसऱ्याकडून. सर्वे प्लॅन कागदावरून स्कॅन केलेला असतो आणि उंचीची माहिती उपग्रहाची. हे सगळं क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये एका पडद्यावर आणलं की नदी रस्त्यावरून वाहू लागते आणि देऊळ तळ्यात जाऊन बसतं. ग्रामसभेसमोर नकाशा मांडणारे कार्यकर्ते, भूगोलाचे विद्यार्थी, वास्तुविशारदांच्या कार्यालयांतले ड्राफ्ट्समन यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं क्यूजीआयएसच्या तिसऱ्या मालिकेला धरून आहेत.

पाच-सहा ठिकाणांहून लेयर (नकाशाचे एकेका विषयाचे थर) गोळा केले आहेत. पहिलं काम कोणतं?

सगळे एकदम उघडू नका. एकेक लेयर घ्या, त्यावर डबल-क्लिक करून ‘इन्फर्मेशन’चं पान उघडा आणि पाच गोष्टी एका तक्त्यात उतरवा: संदर्भप्रणाली (सीआरएस, म्हणजे जागा आकड्यांत सांगण्याची पद्धत), चारही टोकांचे आकडे, आकृत्यांची संख्या, मूळ नकाशाचं प्रमाण आणि माहिती कोणत्या वर्षाची आहे ते. शेवटच्या दोन गोष्टी फाईलमध्ये बहुधा नसतात. लेयर ज्याने दिला त्यालाच विचाराव्या लागतात, आणि त्या देतानाच विचारलेल्या बऱ्या. सहा महिन्यांनी त्यालाही आठवत नाही.

आलेल्या फाईली ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून ‘रीड-ओन्ली’ करा आणि काम नेहमी प्रतीवर करा. प्रोजेक्टमध्ये लेयरची नावं खुशाल देवनागरीत ठेवा. डिस्कवरच्या फाईलींची नावं मात्र रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहा, कारण काही जुनी साधनं देवनागरी नावांवर अडखळतात.

गोव्यासाठी कोणती संदर्भप्रणाली घ्यावी?

मोजमापाच्या कामाला डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ (ईपीएसजी म्हणजे प्रत्येक प्रणालीला दिलेला क्रमांक). पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळा गोवा या एकाच झोनमध्ये बसतो.

दोन आकडे लक्षात ठेवले तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. या प्रणालीत गोव्याचा पूर्वांक (पूर्व-पश्चिम दिशेचा आकडा) साधारण ३,५५,००० ते ४,३०,००० आणि उत्तरांक (उत्तर-दक्षिण दिशेचा) साधारण १६,४६,००० ते १७,४८,००० मीटर असतो. लेयरचे आकडे या पट्ट्यात असतील तर तो यूटीएममध्ये आहे. आकडे ७३.७ आणि १५.५ असे दिसले तर ते अक्षांश-रेखांश आहेत, प्रणाली ईपीएसजी ४३२६. पूर्वांक ८२ लाखांच्या आसपास असेल तर तो वेब मर्केटर (ऑनलाइन नकाशांची प्रणाली), म्हणजे ३८५७. प्रणालीची नोंद हरवलेला लेयरही असा नुसत्या आकड्यांवरून ओळखता येतो.

‘सेट सीआरएस’ केलं आणि लेयर गोव्यातून गायबच झाला. का?

सर्वांत जास्त होणारी चूक हीच, म्हणून सविस्तर सांगतो. ‘सेट लेयर सीआरएस’ लेयरवरची फक्त चिठ्ठी बदलतो, आतले आकडे जसेच्या तसे राहतात. लेयरमध्ये ७३.८ आणि १५.५ असे अंश असताना त्यावर ३२६४३ ची चिठ्ठी लावली, तर प्रोग्राम त्यांना मीटर समजतो आणि तुमचं पणजी शहर मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्ताजवळच्या समुद्रात जाऊन पडतं.

आकडे खरोखर बदलायचे असतील तर ‘रीप्रोजेक्ट लेयर’ वापरा, किंवा लेयरवर राइट-क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’मधून नव्या प्रणालीत सेव्ह करा. ‘सेट’ची गरज एकाच वेळी पडते: चिठ्ठी मुळात नसते किंवा चुकीची असते आणि खरी प्रणाली तुम्हाला पक्की ठाऊक असते.

पडद्यावर सगळं नीट जुळलेलं दिसतं म्हणूनही फसू नका. क्यूजीआयएस वेगवेगळ्या प्रणालींचे लेयर दाखवण्यापुरते जुळवून घेतो. बफरसारखी (ठरावीक अंतराचा पट्टा काढणारी) साधनं मात्र लेयरच्या स्वतःच्या एककात चालतात. ४३२६ मधल्या किनाऱ्याला ५०० चा बफर दिला तर ते ५०० अंश होतात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून काढलेला लेयर उपग्रहचित्रापासून शंभर-दीडशे मीटर सरकलेला दिसतो. स्कॅन चुकलं का?

बहुतेक वेळा स्कॅन ठीक असतं. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट उपगोलावर (उपगोल म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप) आधारलेल्या आहेत, उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींच्या अक्षांश-रेखांशांत गोव्याजवळ दीडशे मीटरांच्या आसपास फरक पडतो. कागदाच्या कोपऱ्यावरचे अंश वाचून जिओरेफरन्सिंग केलं (स्कॅनला जमिनीवरच्या जागेचे आकडे दिले) आणि प्रणाली म्हणून ४३२६ निवडली, की हा फरक लेयरमध्ये कायमचा बसतो.

उपाय असा: कोपऱ्यांचे अंश भरताना प्रणाली कल्याणपूर १९७५ (ईपीएसजी ४१४६) निवडा आणि मग ३२६४३ मध्ये रीप्रोजेक्ट करा. रूपांतरणाचे पर्याय विचारणारी खिडकी उघडली तर ती न वाचता बंद करू नका, त्यातला भारतासाठी असलेला पर्याय निवडा. शेवटी जागेवर न हललेल्या दोन-तीन खुणा तपासा. जुना पूल, चर्चचं दर्शनी टोक, किल्ल्याचा बुरूज चालतो. नदीचं वळण किंवा वाळूचा काठ घेऊ नका.

टोपोशीटचे क्रमांक शोधणाऱ्यांसाठी: पणजी आणि मडगाव ४८ ई/१५ वर आहेत, म्हापसा ४८ ई/१४ वर. नव्या ओपन सीरीज नकाशांचे क्रमांक ‘डी ४३’ने सुरू होतात. ते मुळातच डब्ल्यूजीएस ८४ वर असल्याने त्यांना हा उपाय लावू नका, नाहीतर बरोबर असलेला नकाशा सरकून बसेल.

राज्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर यायला हवं, ३९८० च्या जवळपास येतं.

लेयर वेब मर्केटरमध्ये आहे. गोव्याच्या अक्षांशावर ही प्रणाली लांबी पावणेचार टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ साडेसात टक्क्यांनी फुगवते. बफरमध्ये उलटं घडतं. ३८५७ मध्ये काढलेला ५०० मीटरचा पट्टा जमिनीवर जेमतेम ४८२ मीटर भरतो. किनारपट्टीच्या कामात हे १८ मीटर म्हणजे एखादं आख्खं घर.

यूटीएममध्येही बारीक फरक राहतो. गोवा झोनच्या मध्यरेषेच्या (७५ अंश) पश्चिमेला असल्यामुळे सपाट मोजणीत हेक्टरमागे ३ ते ७ चौरस मीटर कमी येतात. तालुक्याच्या नकाशाला त्याने काही बिघडत नाही. जमिनीच्या तुकड्याचा हिशोब असेल तर उपगोलावर मोजणारं ‘$’ चिन्हाचं क्षेत्रफळ-सूत्र वापरा आणि प्रोजेक्टच्या गुणधर्मांत उपगोल डब्ल्यूजीएस ८४ आहे ना, ते बघा.

शेपफाईलमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन का येतात?

शेपफाईल हा नकाशा-माहितीचा जुना फाईल-प्रकार, आणि तिचा तक्ता डीबीएफ या जुन्या रचनेत असतो. त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. ‘गाव’ला ९ बाइट लागतात, ते बसतं. ‘तालुका’ला १८ लागतात, ते तुटतं. मजकुराच्या एका खान्याला २५४ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची ८४ चिन्हं. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे लांबलचक पत्ता मध्येच छाटला जातो आणि प्रोग्राम त्याबद्दल काही बोलतही नाही.

मिळालेली शेपफाईल वाचायची असेल तर लेयरच्या ‘सोर्स’ पानावर एन्कोडिंग यूटीएफ-८ करून पाहा. सोबतची ‘सीपीजी’ फाईल हरवली की हा गोंधळ हमखास होतो, म्हणून झिप करताना सगळे भाग घ्या. स्वतःच्या कामाला मात्र जिओपॅकेज हा नवा फाईल-प्रकार वापरा. रकान्यांची पूर्ण मराठी नावं बसतात आणि एका फाईलमध्ये वीस-पंचवीस लेयर सुखाने राहतात.

मग जिओपॅकेज क्लाउड फोल्डरमध्ये ठेवून तिघांनी मिळून काम केलं तर?

करू नका. फाईल उघडी असताना तिच्याशेजारी ‘वॉल’ आणि ‘एसएचएम’ या दोन तात्पुरत्या फाईली तयार होतात आणि ताजे बदल आधी त्यांत जातात. क्लाउड मूळ फाईल एका क्षणाची उचलतो, वॉल दुसऱ्या क्षणाची, आणि दुपारभर रेखाटलेले प्लॉट नाहीसे होतात. एका वेळी एकानेच लिहायचं, प्रोजेक्ट बंद करायचं, त्या दोन फाईली गेल्याची खात्री करायची आणि मगच फाईल पुढच्याला द्यायची. खरोखरच तिघांना एकदम लिहायचं असेल तर पोस्टजीआयएस (अनेकांना एकदम लिहिता येणारा नकाशा-डेटाबेस) बसवा.

बारा तालुक्यांचे बारा लेयर एक करायचे आहेत.

‘मर्ज व्हेक्टर लेयर्स’ एका झटक्यात करतो. त्याआधी तीन गोष्टी बघा.

रकान्यांची नावं आणि प्रकार एकसारखे हवेत. एकीकडे ‘सर्वे क्र’ आकडा आणि दुसरीकडे मजकूर असेल तर साधन कुरकुरतं किंवा माहिती गमावतं. गोव्यात सर्वे नंबर ‘१२५/१-अ’ अशा धाटणीचे असतात, तेव्हा हा रकाना मजकुराचाच हवा. ‘रिफॅक्टर फील्ड्स’ने सगळ्या लेयरांचा साचा आधी एक करून घ्या. दुसरं, ‘डेस्टिनेशन सीआरएस’ रिकामं सोडलं तर पहिल्या लेयरची प्रणाली सगळ्यांना लागते, म्हणून ३२६४३ स्वतः निवडा. तिसरं, मर्जनंतर ‘लेयर’ आणि ‘पाथ’ हे दोन रकाने आपोआप येतात. कोणती आकृती कुठल्या फाईलमधून आली हे त्यांच्यावरूनच कळतं, ते घाईने पुसू नका.

तालुक्यांचे लेयर अजून बदलत असतील तर मर्ज केलेली प्रत दुसऱ्याच दिवशी शिळी होते. अशा वेळी ‘व्हर्च्युअल लेयर’ बनवून त्यात ‘युनियन ऑल’ची ओळ लिहा. मूळ लेयर बदलला की हाही बदलतो.

गावांच्या नावांवरून तक्ता जोडला, पण निम्मी गावं कोरीच राहिली.

गोव्यात नावावरून जोडणी जमत नाही. एकच शहर पणजी, पणजिम आणि पोर्तुगीज काळातल्या कागदांत पांजिम म्हणून येतं. साष्टी रोमनमध्ये साल्सेत होते, डिचोलीची बिचोलिम, काणकोणची कानाकोना. सत्तरीचं स्पेलिंग कुठे एका ‘टी’ने, कुठे दोन ‘टीं’नी. शिवाय रोमनमध्ये ‘नागोआ’ असं लिहिलं जाणारं गाव बार्देशातही आहे आणि साष्टीतही. नुसत्या नावावर जोडलं तर एकाची लोकसंख्या दुसऱ्याला चिकटते आणि चूक दिसतही नाही, कारण खाना भरलेला असतो.

जोडणी कोडवर करा. २०११ च्या जनगणनेचा गावकोड किंवा पंचायतराज मंत्रालयाच्या निर्देशिकेतला एलजीडी कोड, दोन्ही चालतात. फक्त एकमेकांत मिसळू नका. कोडचा रकाना मजकूर म्हणूनच आणा. जनगणनेच्या तालुकाकोडची सुरुवात शून्याने होते, एक्सेल ते शून्य खातो आणि जोडणी रिकामी येते. कोड नसेलच तर नाव आणि तालुका मिळून जोडा, उरलेली गावं हाताने जुळवा आणि ती जुळणी वेगळ्या तक्त्यात सांभाळून ठेवा. पुढच्या कामाला तोच तक्ता सोन्यासारखा उपयोगी पडतो.

महसुली गाव आणि पंचायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरू नका. एका पंचायतीत अनेक गावं असू शकतात.

जनगणनेचे जिल्हानिहाय आकडे आजच्या हद्दींशी का जुळत नाहीत?

हद्दीच बदलल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्याचे अकरा तालुके आहेत आणि फोंडा उत्तर गोव्यात आहे. धारबांदोडा हा बारावा तालुका त्यानंतरच्या नकाशांत दिसतो, त्याचा मोठा भाग पूर्वीच्या सांग्याचा. फोंडा २०१५ च्या जानेवारीत दक्षिण गोव्याला जोडला गेला. २०११ चे जिल्ह्याचे आकडे २०१५ नंतरच्या हद्दीवर रंगवले तर आख्खा फोंडा तालुका चुकीच्या खात्यात जातो.

आकडे नेहमी गावपातळीवरून घ्या आणि हव्या त्या वर्षाच्या हद्दीप्रमाणे ‘अ‍ॅग्रिगेट’ने बेरीज करा. हद्दीच्या लेयरच्या नावात वर्ष घालाच. ‘तालुके_२०११’ आणि ‘तालुके_२०१५’ हे दोन स्वतंत्र लेयर आहेत.

युनियन किंवा इंटरसेक्शन केल्यावर हद्दीलगत शेकडो सुईसारखे तुकडे तयार होतात.

दोन खात्यांनी एकच हद्द दोनदा रेखाटली की त्या रेषांमध्ये असे तुकडे पडणारच. आधी ‘फिक्स जिऑमेट्रीज’ चालवा आणि आकृत्यांची संख्या आधीइतकीच आहे ना, ते मोजा. मग ‘स्नॅप जिऑमेट्रीज टू लेयर’ने कमी भरवशाचा लेयर जास्त भरवशाच्या लेयरला चिकटवा.

किती अंतरापर्यंत चिकटवायचं ते नकाशाचं प्रमाण ठरवतं. कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:५०,००० च्या नकाशात जमिनीवर २५ मीटर होते, १:१,००० च्या सर्वे प्लॅनवर अर्धा मीटर. टोपोशीटवरून काढलेल्या हद्दींना १० ते २० मीटर चालेल. तेच अंतर सर्वे प्लॉटांना दिलं तर शेजाऱ्यांच्या कुंपणांचा चुराडा होईल.

उरलेले तुकडे शोधायला एक सोपं माप आहे. क्षेत्रफळाला १२.५७ ने गुणा आणि परिघाच्या वर्गाने भागा. वर्तुळाला १ येतो, सुईला शून्याच्या जवळ. ०.१ पेक्षा कमी आलेले निवडून ‘एलिमिनेट’ने शेजारच्या आकृतीत मिसळा. त्याआधी डोळ्यांनी एकदा जरूर बघा. खाजन शेतीचे (खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीचे) बांध, पाणंदी, किनाऱ्यालगतचे लांबट माडांचे पट्टे हेही याच चाळणीत सापडतात आणि ते खरे तुकडे असतात.

तिसवाडीचे अनेक तुकडे दिसले तर दुरुस्त करू नका. चोडण, दिवाडी ही बेटंच आहेत. तिथे ‘मल्टिपार्ट’ आकृतीच बरोबर.

म्हादईच्या खोऱ्यासाठी तीन राज्यांचे लेयर जोडायचे आहेत.

राज्याच्या हद्दींपासून सुरुवात केलीत तर अडकाल. गोव्याच्या लेयरमधली दोडामार्गकडची रेषा आणि महाराष्ट्राच्या लेयरमधली तीच रेषा तंतोतंत जुळत नाही. मध्ये कुठे फट, कुठे दुहेरी पट्टा. नदीला राज्याची रेषा कळत नाही, म्हणून खोऱ्याची कड उंचीच्या लेयरवरून काढा. खानापूर तालुक्यातलं उगमक्षेत्र पूर्ण आत येईल एवढा पूर्वेचा भाग घ्या. राज्याच्या हद्दीवर उंचीचा लेयर कापला की वरचं पाणलोट हरवतं आणि प्रवाह अर्ध्यावरून सुरू होतो.

कड निघाली की क्षेत्रफळ पडताळा. पाणीवाटपाच्या वादात वापरलेले आकडे एकूण २०३२ चौरस किलोमीटर आहेत: गोवा १५८०, कर्नाटक ३७५, महाराष्ट्र ७७. तुमचा आकडा दोन-चार टक्क्यांनी वेगळा असेल तर ठीक. वीस टक्क्यांचा फरक आला तर खोऱ्याचा निर्गमबिंदू (पाणी बाहेर पडण्याची जागा) चुकीच्या जागी पडला आहे.

जमिनीच्या नोंदी जोडताना महाराष्ट्राचा ‘गट नंबर’ आणि गोव्याचा ‘सर्वे नंबर’ एका रकान्यात कोंबू नका. ‘राज्य’ हा रकाना आधी, मग ‘नोंद क्रमांक’.

उंचीच्या टाइल जोडल्या, पण एकच टाइल दिसते.

‘बिल्ड व्हर्च्युअल रास्टर’मध्ये ‘प्रत्येक फाईल वेगळ्या बँडमध्ये’ ही खूण मुळातच लावलेली असते. ती काढा. एसआरटीएमच्या (अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीच्या) ३० मीटरच्या तीन टाइलमध्ये गोवा मावतो. टाइलचं नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून असतं: उत्तर १५ पूर्व ७३, उत्तर १५ पूर्व ७४ आणि काणकोणसाठी उत्तर १४ पूर्व ७४. रीप्रोजेक्ट करताना उंचीसाठी ‘बायलिनिअर’ निवडा. जमीनवापराच्या वर्गांचं रास्टर (चौकटींचा लेयर) असेल तर ‘निअरेस्ट नेबर’च हवा, नाहीतर वर्ग ३ आणि वर्ग ५ यांच्यामध्ये कुठेही नसलेला वर्ग ४ उगवतो.

एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे. डिचोली-सांग्यातल्या खाणींचे खंदक आणि मातीचे ढीग त्यानंतर बदलले, मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. यातलं काही त्यात नाही. मोल्याच्या दाट जंगलात ही उंची झाडांच्या शेंड्यांकडे झुकते. आणि खाजनात पाणी कुठवर चढेल हे तर या लेयरवरून ठरवूच नका. त्याची उंचीतली चूक १६ मीटरांपर्यंत धरलेली आहे, आणि मानशीच्या (खाजनात पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेच्या) दाराशी निर्णय अर्ध्या मीटरवर होतो. तिथे लेव्हल मशीन लावून मोजणी करावी लागते.

सर्वे प्लॅनचा स्कॅन जागेवर कसा बसवायचा?

३०० डीपीआयला सपाट स्कॅन करा. १:१,००० च्या प्लॅनवर एक पिक्सेल साडेआठ सेंटिमीटर होतो, तेवढं पुरे. मोबाइलने काढलेला फोटो कडांना वाकतो.

जिओरेफरन्सरमध्ये निदान सहा ते आठ बिंदू द्या, चारही कोपऱ्यांत पसरलेले. रूपांतरणाला ‘पॉलिनॉमियल १’ घ्या, म्हणजे कागदाचं आकुंचनही सावरलं जातं. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ सगळ्या बिंदूंची चूक शून्य दाखवतो आणि बघणारा खूश होतो. प्रत्यक्षात तो कागद ओढूनताणून बिंदूंवर बसवतो आणि मधले प्लॉट वाकवतो. पॉलिनॉमियलमध्ये एखादा बिंदू तीन मीटर चुकतो आणि बाकीचे अर्धा, तर तो बिंदू पुन्हा जागेवर जाऊन बघा. बऱ्याचदा गडग्याचा कोपरा नंतर सरकवलेला निघतो.

कोमुनिदादीचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे) पोर्तुगीजकालीन आराखडेही असेच ओळखीच्या बिंदूंवरून बसवावे लागतात. तिथे जास्त बिंदू घ्या आणि अपेक्षा कमी ठेवा.

भरतीरेषेपासून स्वतः काढलेला पट्टा सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) म्हणून हरकतीसोबत जोडता येईल का?

समजून घ्यायला हरकत नाही, पुरावा म्हणून नको. अधिकृत भरतीरेषा मंजूर किनारी आराखड्यातली. उपग्रहचित्रात दिसणारा काठ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीचा असतो.

प्रोजेक्ट फार संथ झालं आहे.

प्रत्येक लेयरला ‘स्पेशिअल इंडेक्स’ द्या. सर्वे प्लॉट १:१०,००० पेक्षा जवळ गेल्यावरच दिसतील असं ठरवा. रास्टरना पिरॅमिड बांधा. आणि ‘मॅप थीम’ बनवा: पाण्याची एक, जमिनीची एक. चाळीस लेयर एकदम पेटवून कोणी काम करत नाही.

दुसऱ्याला प्रोजेक्ट दिलं की सगळे लेयर लाल खुणेने येतात.

गुणधर्मांत पाथ ‘रिलेटिव्ह’ ठेवा. मग ‘पॅकेज लेयर्स’ने सगळे लेयर रंगरूपासकट एका जिओपॅकेजमध्ये भरा आणि प्रोजेक्ट त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा.

दोन लेयर एकमेकांशी भांडत असतील तर कोणता खरा मानायचा?

ज्या कामासाठी जो बनला, त्या कामापुरता तो खरा. प्लॉटच्या हद्दीसाठी सर्वे प्लॅन, जंगलाच्या व्याप्तीसाठी वनखात्याची अधिसूचना आणि तिच्यातलं सीमांचं वर्णन.

धोका असतो तो प्रमाणांच्या सरमिसळीचा. एखाद्याचा ६०० चौरस मीटरचा प्लॉट आहे, वीस बाय तीस. त्यावर १:५०,००० च्या नकाशातून आलेली वनहद्द टाकली की रेषा प्लॉटच्या बरोबर मधून जाताना दिसते. पण ती रेषा दोन्ही बाजूंना २५ मीटर सरकू शकते, म्हणजे प्लॉट पूर्ण आतही असेल, पूर्ण बाहेरही. अशा नकाशावर बारीक रेघ काढणं हा त्या माणसावर अन्याय आहे. तिथे २५ मीटरचा फिकट पट्टा रंगवा आणि नकाशाखाली लिहा: ‘या पट्ट्यात जागेवर मोजणी आवश्यक.’